तिथीची पाऊणपट

डिसेंबर अर्धा उलटला की ग्वाल्हेरच्या मुरारला सकाळी दहापर्यंत धुकं हटत नाही. पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि तिघऱ्याच्या धरणातले रोहू-कटला तळाला जाऊन बसतात. तासन् तास बसा, दोरी हलत नाही. सांक नदीवरचं हे धरण 1916 सालचं. माझे आजोबा तिथेच गळ टाकायला शिकले, मीही तिथेच. थंडीचे दोन महिने मात्र आमचे गळ माळ्यावर असतात.

2023 च्या गणपतीत भाच्याचा फोन आला. तो न्यू जर्सीला असतो. थंडीत मित्रांबरोबर बहामाला जातो. तिथे समुद्राच्या उथळ वाळूवर गुडघाभर पाण्यात चालत बोनफिश पकडतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. "मामा, नाताळात मी येतोय. आपल्याकडे असं उथळ खारं पाणी कुठे आहे?"

मला देवबाग आठवलं. मालवणच्या दक्षिणेची ती चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. खाडीच्या मुखाशी ओहोटीला वाळू उघडी पडते. फार वर्षांपूर्वी मी तिथे ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या काकांशी अजून दर दिवाळीला बोलणं होतं. त्यांना फोन लावून भाच्याच्या सुट्टीप्रमाणे तारखा सांगायला लागलो, तर ते म्हणाले, "तारीख नको, तिथी सांग."

भिंतीवरचं कालनिर्णय काढून पाहिलं. आमचे दिवस अष्टमीच्या आसपास पडत होते.

"अष्टमीक येव नको. भांगाचा पाणी ता, हलूचा नाय. पुनवेच्या आदी दोन दीस ये."

मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते. चतुर्दशीला उजाडताना पाणी चढत असतं, आणि चढत्या पाण्याबरोबर मासे वाळूवर चरायला येतात. भाच्यानं फोनवर मालवणचा भरतीचा तक्ता काढला, तर अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकानं तेच आकडे. आमच्या घरात पाच पिढ्या या तिथ्यांवर चतुर्थ्या-एकादश्या होत आल्या. समुद्राचं घड्याळ आमच्या स्वयंपाकघरात टांगलेलं आहे, हे मला साठीत कळलं.

दत्तजयंती 26 डिसेंबरला होती. मंगला एक्सप्रेसनं ग्वाल्हेर ते रत्नागिरी, पुढे दुसऱ्या गाडीनं कुडाळ, तिथून एसटीनं मालवण असं ठरलं. धुक्यात गाड्या किती रखडतील याचा भरवसा नसतो, म्हणून हाताशी दोन दिवस जास्तीचे धरले.

25 तारखेला पहाटे काकांबरोबर वाळूवर उतरलो. मुरारला त्या वेळी रजई सोडवत नाही, आणि इथे पाणी कोमट होतं. काकांनी आधी चालायला शिकवलं. पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूवरून घासत न्यायचं. खाली पाकट पुरून बसलेलं असतं. पाय घासत नेला तर ते आधीच सरकतं, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. भाचा म्हणाला, बहामातही वाटाडे हेच सांगतात.

तंगूस, लहान गरी, टोकाला सोललेल्या सुंगटाचा तुकडा. काका पाण्याकडे बघतसुद्धा नव्हते, तंगूस तर्जनीवर धरून उभे होते. "टकटक केल्यान काय थांब. ओढल्यान मगे उचल." माझ्या बोटाला दोन बारीक ठोके लागले, मी थांबलो, आणि दोरी ताणली गेली. वीतभर मुडदुशी, फिकट रुपेरी, निमुळत्या तोंडाची. हातातून निसटून उथळ पाण्यात पडली आणि पापणी लवायच्या आत वाळूत शिरली. जागेवर फक्त थोडा गढूळपणा उरला.

भाच्यानं पहिली मुडदुशी सवयीनं सोडून दिली. काका काही बोलले नाहीत. दुसरी लागली तेव्हा त्यानं काकांकडे पाहिलं आणि ती त्यांच्या टोपलीत टाकली.

दहाच्या सुमारास पाणी मांड्यांना लागलं आणि काकांनी परतायची हाक दिली. टोपलीत सतरा होत्या. काकूंनी दुपारी त्या रव्यात घोळवून तळल्या.