पाटीवरचं मराठी : दापोडीहून दोन पत्रं

दापोडी

प्रिय दादा,

हॅरिस पूल ओलांडून बोपोडीतून दापोडीत शिरलं की रस्ता नाशिक फाट्याकडे आणि तिथून भोसरी-चाकणकडे जातो. या पट्ट्यात नजर जाईल तिथे अक्षरं आहेत : टेम्पोच्या हौद्यावर, कामगारांच्या बसवर, वर्कशॉपच्या फाटकावर. तू गावी हाच धंदा करतोस, म्हणून एकच मुद्दा सविस्तर लिहितो. पाटीचं काम म्हणजे छपाईचं मशीन, असं आपण धरून चालतो. पण पाटी वाचता येणार की नाही हे फाइल मशीनला जाण्याआधी ठरतं, आणि ती टिकणार की नाही हे छपाईनंतर. त्यातही देवनागरीचं जे ज्ञान लागतं, ते मशीनबरोबर येत नाही.

कायद्याचंच बघ. राज्याच्या दुकान कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान नसावं असंही ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. हे योग्यच झालं. मात्र आकार मोजायचा कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न कारागिराच्याच पदरी राहिला. ‘चाकण’ हा शब्द घे. शिरोरेषेच्या वर काही नाही, खाली काही नाही. फूटभर पट्टीत अक्षर जवळजवळ फूटभर बसतं. त्याच पट्टीत ‘कुरुळी’ बसवायला गेलं तर वर वेलांटी, खाली ‘कु’चा उकार, दोन्हींना जागा देताना अक्षराचं मूळ अंग आखडतं. रोमन मोठ्या अक्षरांत ही दोन्ही नावं पट्टी सारखीच भरतात. म्हणजे फूटपट्टीने दोन्ही लिप्या समान भरल्या तरी रस्त्यावरून मराठी बारीक दिसतं. दहा फूट अंतराला एक इंच अक्षर हा सगळीकडे चालणारा ठोकताळा रोमन मोठ्या अक्षरांवर बेतलेला आहे. आपण तो शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच्या उंचीला लावला पाहिजे, आणि मात्रा-उकारांची जागा त्याच्या बाहेर वेगळी धरली पाहिजे. अक्षर ठळक केलं की भागतं, हाही गैरसमज आहे. फार ठळक केलं की ‘ध’, ‘ष’, ‘क्ष’ यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते आणि लांबून नुसता डाग दिसतो. मागून दिवे लावलेल्या पाटीत प्रकाश कडेने पसरतो, म्हणून तिथे ही मोकळी जागा आणखी राखावी लागते. कटिंगचं काम तर याहून नाजूक. टाइप केलेली अक्षरं शिरोरेषेपाशी एकमेकांवर चढलेली असतात. ती आधी एकसंध जोडून घेतली नाहीत तर प्लॉटरची पाती प्रत्येक सांध्यात शिरोरेषा चिरते, आणि फालतू विनाईल सोलताना ‘श्र’सारख्या अक्षराचा बारीक दुवा हातात येतो.

आता टिकण्याचं. दापोडीतच एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. राज्यात अशा तीन, बाकीच्या दोन चिकलठाणा आणि हिंगण्याला. बसच्या अंगावर रिबेटी असतात, पत्र्याला खाचा असतात, आणि स्टिकरची खरी परीक्षा तिथेच होते. रुळांमधून दाबून काढलेल्या स्वस्त विनाईलमध्ये ताण शिल्लक असतो. ते आकसतं, खाचेतून उठतं. ओतून भट्टीत पक्कं केलेलं कास्ट विनाईल पातळ असतं आणि त्यात असा ताण जवळजवळ नसतो, म्हणून ते रिबेटीवर बसतं. तेही खाचेत दाबल्यावर सुमारे ९० अंशांच्या वर तापवून त्याची ओढ मोडावी लागते. सॉल्व्हंट शाईची छपाई किमान दिवसभर मोकळी वाळू न देता लॅमिनेशन केलं, तर अडकलेला द्रावक गोंद मऊ करतो आणि कडा सुटतात. ताज्या रंगावर चिकटवलं तर रंगातून निघणाऱ्या वाफेने फुगे येतात. वैशाखात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. गोंद टेकताच पकडतो आणि विनाईल सरकवून नीट बसवायला सवडच उरत नाही. गाडी सावलीत घ्यायची, पत्रा निवू द्यायचा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. स्क्वीजी त्यानंतर.

तुझा,
धाकटा


दापोडी

प्रिय दादा,

तुझे आक्षेप मला ठाऊक आहेत, म्हणून त्यांच्यासाठी हे दुसरं पत्र. गिऱ्हाईक स्वस्तच मागतं, हे तू पहिलं म्हणशील. वाढदिवसाच्या आठ दिवसांच्या फ्लेक्सबद्दल ते मान्य. तिथे महाग माल वापरणं ही उधळपट्टी होईल. पण तात्पुरतं असतं ते कापड, सांगाडा नव्हे. १७ एप्रिल २०२३ रोजी याच शहरात किवळ्याला होर्डिंग कोसळून पाच माणसं गेली. गाडीच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे. उठलेलं विनाईल खरवडून पत्र्यावरचा गोंद काढण्याची मजुरी धरली, तर स्वस्त माल अनेकदा महागच पडतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फॉन्ट तर पुण्यातच बनले, सी-डॅकने केले, मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी घरोघर पोचली, मग नवं काय शिकायचं? हे काम मोठं आहे आणि त्यावरच मराठी छपाई उभी राहिली. पण पुस्तकाच्या पानासाठी घडवलेल्या अक्षराची बारीक रेघ पातीखाली टिकेलच असं नाही, आणि पन्नास फुटांवरून ती दिसेलच असंही नाही. फॉन्ट हा कच्चा माल आहे. पाटीसाठी त्याची रेघ, सांधा आणि मोकळी जागा हाताने सुधारावी लागते. जुन्या पेंटरांना हे हाताच्या सवयीने येत होतं. ब्रश गेला तेव्हा ती सवयही गेली, कारण ती कुठे लिहिलेली नव्हती. ‘पोरं काम करता करता शिकतात’ या उत्तराने माझं समाधान होत नाही ते याचमुळे. असं शिकलेलं पोरगं दुकान बदलतं आणि ज्ञानही त्याच्याबरोबर जातं.

मुळा नदीच्या पलीकडे औंधला सरकारी आयटीआय आहे. फलकाच्या मराठी अक्षरांचा एक छोटा पाठ तिथे शिकवला गेला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. तोवर तू तुझ्या दुकानापुरती सुरुवात कर : कोणत्या अंतराला शिरोरेषेपासून पायापर्यंत किती इंच ठेवले, कोणतं अक्षर सोलताना तुटलं, कोणतं विनाईल कोणत्या पत्र्यावर किती पावसाळे टिकलं, हे सगळं एका वहीत मराठीत लिहीत जा, आणि ती वही दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला वाचायला दे.

तुझा,
धाकटा