भिवंडीची खाडी आणि हंगामाची शेवटची फेरी

ठाण्याहून भिवंडीस जाणारा प्रवासी कशेळीच्या पुलावर येतो, तेव्हां त्याच्या दोन्ही बाजूंस उल्हास नदीच्या खाडीचें विस्तीर्ण पाणी पसरलेलें असतें. परंतु पुढील गोदामांच्या व मालमोटारींच्या गर्दींत तिकडे पाहावयास कोणास सवड नसते. भिवंडी म्हटली कीं यंत्रमागांचा खडखडाट आठवावा, असाच आपला प्रघात. तथापि हें गांव जुनें बंदर आहे. गांवाजवळून वाहणारी कामवारी नदी याच खाडीस मिळते. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, आणि पुढें या खाडीच्या कांठीं मराठी आरमाराचीं जहाजें बांधण्यास आरंभ झाला. १७३९ सालीं फत्ते झालेल्या वसईच्या मोहिमेशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे, त्या अंजूरकर नाइकांचें अंजूरही याच टापूंत आहे. मागांच्या आधीं या गांवास पाण्यानें मोठेपण दिलें, आणि त्या पाण्यावर निर्वाह करणारे कोळी अद्यापही खाडीकांठीं आहेत.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत मासा येत नाहीं. ज्या सारस्वत घरांत तो येतो, तेथें रावसाची थोरवी सांगावयास नको. रावसास इंग्रजींत ‘इंडियन सॅल्मन’ असें म्हणतात, परंतु खऱ्या सॅल्मनशीं त्याचें नातें नाहीं. सॅल्मन गोड्या पाण्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्याकरितां पुन्हां नदींत वर चढून गोड्या पाण्यांत येतो. रावस हा किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यांतला मासा. त्याचीं पिलें खाडीच्या मचूळ पाण्यांतही शिरतात. त्याच्या छातीच्या परांखालीं चार लांब तंतू असतात. पाणी इतकें गढूळ कीं डोळ्यांस दिसूं नये, अशा ठिकाणीं तो या तंतूंनीं चांचपडत भक्ष्य शोधतो. याहूनही नवलाची गोष्ट ही कीं, रावस आरंभीं नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे जाळ्यांत सांपडलेला मोठा रावस बहुधा माताच असतो, आणि लहान रावस मारला तर पुढची माता नाहींशी होते.

आतां हंगामाच्या अखेरीकडे पाहूं. वैशाख संपत येतो, सूर्य रोहिणी नक्षत्रांत जातो, आणि नैर्ऋत्येकडील वारा अंग धरूं लागतो. खाडीचें तोंड पश्चिमेकडे, वसईपाशीं आहे. ओहोटीचें पाणी वेगानें समुद्राकडे धांवत असतें आणि वारा त्याच्या समोरून येतो. असे दोघे एकमेकांस भिडले म्हणजे लाटा आंखूड, उंच आणि ताठ उठतात. होडी एका लाटेवरून उतरते न उतरते तोंच दुसरी अंगावर येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ अधिक, म्हणून धोकाही अधिक. पण याच दिवसांत बाजारांत माल कमी आणि भाव चढा असतो. पुढें दोन महिने घर चालवावयाचें असतें. ‘आणखी एकच फेरी’ हा विचार मनांत येतो तो लोभानें नव्हे, पुष्कळदां काळजीनें.

हा मोह केवळ आपल्याच किनाऱ्यावर आहे असें नाहीं. अमेरिकेंतील मिशिगन सरोवर सुमारें ४९० किलोमीटर लांब आहे. तेथें तळें म्हणजे समुद्रच. १९६६ सालीं तेथील नद्यांतून कोहो जातीच्या सॅल्मनचीं पिलें सोडण्यांत आलीं. पुढील वर्षीं शरद ऋतूंत ते मासे मोठे होऊन नदीच्या मुखाशीं जमूं लागले आणि हौशी लोकांची एकच झुंबड उडाली. मासे जमण्याचा काळ आणि सरोवर खवळण्याचा काळ मात्र एकच होता. २३ सप्टेंबर १९६७ रोजीं धोक्याची सूचना असतांही शेंकडों लहान होड्या पाण्यांत गेल्या. वादळ आलें, होड्या उलटल्या आणि सात माणसें बुडालीं. तीं माणसें पोटासाठीं गेलीं नव्हतीं. तरीही तीं वेळेवर परतलीं नाहींत. मग ज्यांचें पोटच पाण्यावर, त्यांस परत फिरणें किती कठीण असेल!

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. वल्ह्याशिडाच्या होड्यांस ती लागू नाहीं. म्हणून खाडींतल्या गरीब कोळ्यास थांबवावयास कायदा येत नाहीं. त्यास थांबवतो तो वाडवडिलांचा शिरस्ता. पावसाळ्यांत जाळीं वाळवावीं, सांधावीं, होडी कांठावर ओढून घ्यावी, आणि श्रावणांत नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून मगच नवा हंगाम सुरू करावा. याकडे केवळ भाबडी समजूत म्हणून पाहणें योग्य नाहीं. या विश्रांतीनें माणसाचा जीव वांचतो आणि माशाच्या वंशासही उसंत मिळते.

परंतु शहरांचें सांडपाणी व कारखान्यांची घाण उल्हासेंत येऊन जेव्हां मासाच दुर्मिळ होतो, तेव्हां हा शिरस्ता पाळणें जड जातें. आठ महिन्यांत पोटापुरतें मिळालें नाहीं, तर नवव्या महिन्यांत वाऱ्याकडे पाहून परत फिरण्याचें बळ कोठून येणार? खाडी स्वच्छ राहिली तर कोळी शहाणपणानें वागूं शकेल. ती नासली तर त्याच्या शहाणपणाची किंमत त्याच्या मुलांस उपवासानें द्यावी लागेल. ज्या घरांत रावस शिजतो, त्यांनीं ज्येष्ठ-आषाढांत तो मागूं नये आणि वीतभर पिलें कधींच घेऊं नयेत, एवढें तरी आपल्या हातीं आहे. ज्या घरांत तो शिजत नाहीं, त्यांनीं आपल्या मोरीचें पाणी शेवटीं कोठें जातें याचा विचार करावा. कारण खाडीशीं त्यांचाही संबंध तितकाच जवळचा आहे.