भय, विस्मय आणि जोगेश्वरीचे रान

भावना मनात उठते आणि अंगावर दिसते. छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, घसा कोरडा पडतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भय, शोक, विस्मय अशा आठ स्थायी भावांबरोबर स्वेद, रोमांच, कंप, अश्रू असे आठ सात्त्विक भावही सांगितले आहेत. मन आणि शरीर यांचे हे नाते चार्ल्स डार्विनने 1872 साली माणसांच्या व प्राण्यांच्या भावदर्शनावरील ग्रंथात तपासले. 1884 मध्ये विल्यम जेम्सने शरीरातल्या बदलांची जाणीव हीच भावना, असे मांडले. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण शरीराचे म्हणणे ऐकण्याची सवय विज्ञानाला लागली.

भीतीचा अभ्यास विशेष खोलवर झाला आहे. धोक्याची चाहूल लागताच मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग सावध होतो, अ‍ॅड्रेनालिन रक्तात उतरते, नाडी वेग घेते आणि पचन मंदावते. विचार पुरा होण्याआधीच अंग पळायला किंवा झुंजायला सज्ज झालेले असते.

मुंबईच्या जोगेश्वरी पूर्व या उपनगरात ही भीती तिच्या मूळ घरी, म्हणजे रानात, भेटते. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या उत्तरेला आरेची झाडी लागते आणि ती पुढे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला जाऊन मिळते. या रानात बिबट्यांचा वावर आहे आणि वारल्यांचे पाडेही आहेत. तिन्हीसांजेला पाचोळा वाजला की वाटेवरचा माणूस थबकतो, कानोसा घेतो, बॅटरीचा झोत फिरवतो आणि पोरांना मध्ये घेऊन मोठ्याने बोलत पुढे निघतो. भीती राहते, पण तिला शिस्त लागते. वारल्यांच्या वाघोबा या देवापुढे जोडलेल्या हातांत धाक आणि आदर एकत्र नांदतात. प्रयोगशाळेला भावना सुट्या करून मोजाव्या लागतात. रानात त्या अशा एकमेकींत मिसळून येतात.

हेच रान मनाला निववतेही. रॉजर उलरिख यांनी 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी अभ्यासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. 2015 मधील स्टॅनफर्डच्या अभ्यासात दीड तास झाडागवतातून चाललेल्यांच्या मनातले त्याच त्या विचारांचे दळण कमी झाले. रहदारीच्या रस्त्याने चाललेल्यांचे झाले नाही. रहदारी लक्ष ओढून घेते. पानांची सळसळ ते अलगद गुंतवते, म्हणून थकलेल्या मनाला उसंत मिळते, असे रेचल व स्टीफन कॅप्लन यांचा सिद्धांत सांगतो.

विस्मयासाठी जोगेश्वरीची लेणी आहेत. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या शैव लेण्यांभोवती आज घरांची दाटी आहे. पायऱ्या उतरताच गारवा लागतो. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावेच लागते. पावसाळ्यात खडकातून पाणी पाझरते. मग खांब एकेक करून दिसू लागतात, आणि तोवर श्वासही संथ झालेला असतो.

झाडे औषधाची जागा घेत नाहीत. खोल नैराश्याला डॉक्टर आणि समुपदेशकच हवेत. पण छातीतल्या धडधडीचे कारण विज्ञान समजावते आणि तिच्याजवळ न घाबरता थांबायला रान शिकवते. भावना कळायला हे दोन्ही लागते. म्हणून दाटीच्या उपनगराला लागून असलेले रान राखणे हे तिथल्या माणसांचे मन राखणेही आहे.