फुंकर तेवढी खरी

आमच्या कपाटावर एक काळा, चपटा डबा आहे. रोलँड डी-५५०. याच कंपनीच्या डी-५० कीबोर्डची ही बिनपट्ट्यांची, रॅकमध्ये बसणारी आवृत्ती. दोन्ही १९८७ सालची. वाजवायचा तर दुसरा कीबोर्ड मिडीच्या वायरने जोडावा लागतो. मुलगा म्हणतो, "बाबा, हे आवाज आता कॉम्प्युटरवर मिळतात. विकून टाका." मिळतात, खरे आहे.

पण मला यातली युक्ती आवडते. त्या काळी मेमरी फार महाग. अख्खी बासरी त्यात साठवणे परवडणारे नव्हते. आणि वाद्य कोणते, हे आपला कान बहुधा सुरुवातीच्या क्षणातच ओळखतो. म्हणून फुंकर, तारेवरचा आघात एवढाच तुकडा खऱ्या ध्वनिमुद्रणाचा घेतला. पुढचा लांबणारा सूर यंत्राने आकडेमोडीने घडवायचा. वर थोडा घुमारा. एका आवाजात असे चार घटक असतात, आणि नको तो बंद करता येतो.

परवा मी बासरी लावली. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर धारवाड. स्वयंपाकघरातून हाक आली, "कोळलु का हो?" मी फुंकरीचा घटक बंद करून तोच स्वर पुन्हा धरला.

"आता पेटी काढलीत वाटतं!"

बासरीही गेली, कोळलुही गेला. मुलाने स्वतः चार-पाचदा तो घटक चालू-बंद करून पाहिला. विकण्याचे तूर्त कुणी काढलेले नाही.