स्पितीची वाट आणि एक जुनी जिप्सी

स्पितीच्या खोऱ्यांत मोटारीनें जाण्यास दोनच मुख्य वाटा आहेत. एक सिमल्याहून सतलजच्या काठाकाठानें किन्नौरमधून हळूहळू चढत जाते. दुसरी मनालीच्या बाजूनें चंद्रा नदीच्या खोऱ्यांत शिरून कुंजूम नांवाच्या खिंडीवरून पलीकडे उतरते. कुंजूमची उंची साडेचार हजार मीटरांहून अधिक आहे. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, तें १६४६ मीटर. तेव्हां एकावर एक अशीं पावणेतीन कळसूबाई रचलीं म्हणजे या खिंडीचा माथा येतो. हिवाळ्यांत ती बर्फानें बंद असते. उन्हाळ्यांत उघडते तेव्हांही तिच्या पश्चिमेची वाट म्हणजे नदीपात्राशेजारील धोंड्यांची रांगच होय.

या वाटेनें जाण्याची माझी इच्छा जुनी होती व तिचें कारण संस्कृत होतें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील नदीसूक्तांत जी असिक्नी येते, ती आजची चिनाब होय. चंद्रा आणि भागा या दोन प्रवाहांच्या संगमापासून चिनाब, म्हणजेच चंद्रभागा, सुरू होते. पंढरपूरची चंद्रभागा जन्मभर पाहिली; तिची ही हिमालयांतील नांवभगिनी डोळ्यांनीं पाहावी असें फार दिवस मनांत होतें.

माझ्या पुतण्याची इच्छा मात्र सर्वस्वीं यांत्रिक होती. त्यानें २०१४ सालीं बनलेली एक मारुति जिप्सी विकत घेतली होती. ही गाडी आपल्याकडे प्रथम १९८५ सालीं आली आणि २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें. आपल्या सैन्यानें ती हजारोंनीं वापरली. तिची घडण अगदीं साधी आहे: शिडीसारखी लोखंडी चौकट, पुढें व मागें पाट्यांच्या कमानी, तेराशें घनसेंटिमीटरचें पेट्रोल इंजिन, चारी चाकांना जोर देण्याची सोय आणि त्या जोडीला मंदगतीचा एक जादा गिअर. वजन सुमारें एक टन. इतक्या हलक्या गाडीला चिखल व वाळू फारशी गिळूं शकत नाहीं, हाच तिचा मोठा गुण. आंत बसणाराच्या पाठीचे हाल होतात, तो भाग निराळा.

पुतण्यानें गाडी घेतली आणि तिला दागिने घालावयास आरंभ केला. शहराबाहेरील एका कारखान्यांत त्यानें टपावर लोखंडी कॅरियर बसविला, पुढें जाड पोलादी बंपर व त्यावर विंच बसविली, मूळच्या टायरांच्या जागीं मोठे टायर घातले, आणि पेट्रोलचे दोन डबे मागें लटकविण्यासाठीं बिजागऱ्या केल्या. वहिनींनी, म्हणजे त्याच्या मातोश्रींनीं, हें सारें पाहून एकच प्रश्न विचारला, “इतकें लोखंड घेऊन ही डोंगर चढणार कशी?” प्रश्न शास्त्रशुद्ध होता. वजनकाट्यावर नेली तेव्हां टाकी भरलेली, माणूस एकही नाहीं, अशा स्थितींत गाडी १२९० किलो भरली.

येथें थोडें गणित सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं; जन्मभर फळ्यापाशीं उभा राहिलों त्याची ही खोड समजावी. इंजिनाचा जोर आंत घेतलेल्या हवेवर अवलंबून असतो. साडेचार हजार मीटरांवर हवेची घनता समुद्रकांठच्या घनतेच्या सुमारें त्रेसष्ट टक्के उरते. जिप्सीचें इंजिन खालीं ऐंशी अश्वशक्ति देतें असें धरलें, तर कुंजूमवर तें पन्नासाच्या आसपास देणार. इंजिनांत पेट्रोलचें प्रमाण संगणक सांभाळतो हें खरें. पण नसलेली हवा तो कोठून आणणार?

आतां टायर पाहा. मूळचा टायर २०५/७० आर १५, म्हणजे व्यास सुमारें ६६८ मिलिमीटर. पुतण्यानें घातलेला २३५/७५ आर १५, म्हणजे व्यास सुमारें ७३४. आंस जमिनीपासून तेहतीस मिलिमीटर वर गेला, हा लाभ. पण चाक दहा टक्क्यांनीं मोठें झालें म्हणजे प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनीं जड झाला, आणि वेगदर्शक कांटा पन्नास दाखवी तेव्हां गाडी पंचावन्नानें धांवूं लागली. एकीकडे जोर घटणार आणि दुसरीकडे भार व गिअर दोन्ही वाढणार, असा हा व्यवहार होता. टपावरच्या ओझ्यानें गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो व आडव्या उतारावर ती कलंडावयास पाहते, तें आणखी वेगळें.

कायद्याचीही बाजू होती. मोटारवाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल करतां येत नाहीं, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें तीच गोष्ट स्पष्ट केली. पुढच्या लोखंडी अडसरांविरुद्ध तर केंद्र सरकारनें २०१७ च्या डिसेंबरांतच राज्यांना लिहिलें होतें. पादचाऱ्याला अशा बंपराची धडक किती घातक होते, हें समजण्यास कायदा वाचण्याचीही गरज नाहीं.

“काका, हें सारें काढलें तर गाडी अगदीं बोडकी दिसेल,” पुतण्या म्हणाला.

“दिसेना! तुला ती मिरवायची आहे कीं कुंजूमवर न्यायची आहे?”

दोन दिवस तो माझ्याशीं मोजकेंच बोलला. तिसऱ्या दिवशीं गाडी घेऊन आमच्या पेठेंतील एका वृद्ध मिस्त्रीकडे गेला. या मिस्त्रींनीं आधीं कॅरियर उतरविला, तों त्याच्या दोन सांध्यांवर केसासारख्या चिरा आढळल्या. पुण्याच्या रस्त्यांवरच ही गत, तर स्पितींत तो टपासकट कोठें गेला असता कोण जाणे. बंपर व विंच गेली, टायर पुन्हां मूळ मापाचे आले. मात्र खोल नक्षीचे, दगड व चिखल दोन्ही धरणारे.

मग मिस्त्रींनीं जें केलें तें बाहेरून दिसणारें नव्हतें. पाट्यांचे झिजलेले रबरी बुश व चारी शॉकॅब्सॉर्बर बदलले. मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून साफ केले. पाण्याचे रबरी नळ नवे घातले. आणि एक युक्ति अशी केली कीं ती पाहून मला फार आनंद झाला. आंसाच्या मध्यावर जो डिफरन्शलचा गोळा असतो, त्याला हवा जाण्यायेण्यासाठीं बारीक छिद्र असतें. चालून तापलेला गोळा बर्फाच्या पाण्यांत शिरला कीं आंतील हवा एकदम आकसते आणि छिद्रावाटे पाणी आंत ओढलें जातें. तेल दुधासारखें पांढरें होतें व दांते खाल्ले जातात. मिस्त्रींनीं त्या छिद्राला रबरी नळी जोडून ती वर, पाण्याच्या पातळीहून पुष्कळ उंच नेली. खर्च दोनशें रुपयांच्या आंत!

पेट्रोलच्या डब्यांचा प्रश्नही हिशेबानेंच सुटला. काझा येथें पेट्रोल मिळतें. तेथून कुंजूममार्गें तांदीचा पंप सुमारें पावणेदोनशें किलोमीटर. टाकी चाळीस लिटरांची. खराब वाटेवर लिटरला सातच किलोमीटर धरले तरी दोनशें ऐंशी होतात. डबे घरीं राहिले. त्या जागीं ओढण्याचा पट्टा, फावडें, हवा भरण्याचा लहान पंप, दुसरें जादा चाक आणि वहिनींचे बेसनलाडू गेले. वजनकाटा आतां १११० म्हणाला; लाडू त्यांत धरलेले नाहींत.

जूनच्या अखेरीस पुतण्या व त्याचा एक मित्र गाडी घेऊन पुढें गेले. मी आगगाडीनें कालक्यास जाऊन त्यांना गांठलें. वाट आम्हीं किन्नौरची निवडली. मनालीहून एका दिवसांत कुंजूमवर चढणें साठी उलटलेल्या माणसास धोक्याचें असतें. विरळ हवेशीं शरीराची ओळख हळूहळू व्हावी लागते. कल्पा, नाको आणि काझा असे मुक्काम करीत आम्हीं सहा दिवस घेतले. नाकोला माझें डोकें एक रात्र दुखलें, म्हणून तेथें एक दिवस अधिक राहिलों. स्पितीचा देखावा वर्णन करावयाचा तर आपल्याकडील झाडाझुडपांची भाषा कामास येत नाहीं. उघडे, राखी, पिवळट व जांभळट डोंगर, त्यांच्या पायथ्याशीं वाटाण्याचीं व जवाचीं हिरवीं चौकोनी शेतें, आणि कडेवर चिकटलेला कीचा मठ. इतकी निर्मळ सांवली मी दुसरीकडे पाहिली नाहीं. उन्हांतून तींत पाऊल टाकतांच थंडी वाजते.

काझाहून आम्हीं पहाटे साडेचारास निघालों. घाई ओढ्यांसाठीं होती. वरचें बर्फ दिवसा वितळतें, म्हणून पहाटे घोट्याएवढा असलेला ओढा दुपारीं गुडघ्यावर जातो. लोसर गांव मागें टाकल्यावर चढ लागला. जिप्सी दुसऱ्या गिअरांत कुरकुरत, पण न थांबतां चढली. माथ्यावर कुंजूमदेवीचें स्थान आहे. गाड्यांनीं त्याला प्रदक्षिणा घालावी असा तेथील प्रघात, आम्हींही घातली.

बातलच्या पुढें एका ओढ्यांत भाड्याची एक मोठी गाडी अडकली होती. आंत दोन लहान मुलें, एक आजीबाई, आणि पाणी दाराच्या उंबऱ्याशीं. चालक जोर करी तों चाकें गोट्यांत अधिकच रुतत. पुतण्यानें काठी घेऊन आधीं पात्र पायीं तपासलें, मग थोडें खालच्या अंगानें जिप्सी पलीकडे नेली. पट्टा दोन्ही गाड्यांच्या चौकटीच्या आंकड्यांत अडकविला, माणसांना दूर उभें केलें, आणि मंदगतीचा गिअर घालून हिसका न देतां ओढलें. पहिल्यांदा आमचींच चाकें घसरलीं. मग तिघांनीं रुतलेल्या चाकांसमोरचे धोंडे फावड्यानें व हातांनीं काढले. पाणी इतकें थंड कीं बोटें आपलीं वाटेनात. दुसऱ्या खेपेस ती गाडी मुंगीच्या पावलानें वर आली. आजीबाईंनीं पुतण्याच्या गालांवरून हात फिरविला व पंजाबींत कांहीं म्हटलें. तें मला कळलें नाहीं, त्याला कळलें असावें.

तांदीला पोंचेपर्यंत दुपार झाली. चंद्रा एका अंगानें, भागा दुसऱ्या अंगानें; दोन्ही गढूळ, वेगवान, आणि मिळाल्यावरही थोडा वेळ आपापला रंग राखणाऱ्या. मी जपून खालीं उतरलों, ओंजळ भरली व पितरांना दिली. वर आलों तों पुतण्या गाडीखालीं उताणा पडलेला होता, डिफरन्शलचें बूच सैल करून बोटावर तेल घेत होता.

“काका, पाहा,” त्यानें बोट पुढें केलें. तेल काळसर, स्वच्छ होतें. पांढुरका थेंबही त्यांत नव्हता. त्यानें बूच घट्ट आंवळलें, आणि मित्रानें लाडवांचा डबा उघडला.