दर्यापूर : रुईचा उतारा

मुंबई-पुण्याकडून दर्यापूरला जायचे तर मूर्तिजापूरला उतरणे सोयीचे. पूर्वी तिथूनच अचलपूरकडे ‘शकुंतला’ निघायची. अरुंद रुळांवरची ही चिमुकली आगगाडी १९९४ पर्यंत वाफेवर चालत असे, आणि वऱ्हाडात तिच्या मंदगतीच्या इतक्या गोष्टी आहेत, की त्यातल्या अर्ध्या खोट्या धरल्या तरी करमणुकीला पुरून उरतात. दर्यापूरचे उतारू बनोशाला उतरत. बनोसा गावाला लागूनच आहे. आता ती गाडी कित्येक वर्षे बंद आहे. आपण निमूटपणे एस. टी.त बसावे.

पूर्णा ओलांडली, की काळीभोर, सपाट जमीन सुरू होते. डोळ्यांना अडवायला टेकडी म्हणून नाही. पाहुण्याला वाटते, काय भाग्यवान मुलूख! पण विहिरीचे पाणी तोंडात घेतले, की चूळच भरावी लागते. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. जमीन सोन्यासारखी आणि पोटातले पाणी खारट. म्हणून इथली शेती पावसाच्या भरवशावरची : कपाशी, तूर, मूग, आणि पाऊस सरल्यावर मातीत राहिलेल्या ओलीवर हरभरा. पिण्याचे पाणी येते ते वर अंजनगावकडच्या शहानूर धरणातून.

माझे आजोळ दर्यापूरचे. मामेभाऊ बाजारात अडत्या आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने नागपूरला जाऊन वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून त्याला मी पाहिले नव्हते. एकशे बत्तीस किलोंचा गडी. दोन पायऱ्या चढला की भिंतीला हात लावून उभा राहायचा. रात्री त्याच्या घोरण्यात मध्येच खंड पडे आणि श्वास पुन्हा सुरू होईपर्यंत वहिनी अंथरुणात उठून बसत. साखरेच्या गोळ्या वाढत वाढत इन्सुलिनपर्यंत आल्या होत्या. मामांचा पाय साखरेनेच गेला आणि पुढे मामाही गेले. त्यामुळे या घरात ‘मधुमेह’ हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही.

दारात उभा होता तो मला क्षणभर ओळखूच आला नाही. गालांचे फुगे गेलेले, मानेची कातडी थोडी सैल, आणि सदरा कुणा थोरल्या भावाचा मागून घातल्यासारखा. मी काही बोलण्याआधीच मामी आतून म्हणाल्या, “पाह्य रे बापू, कसा वाळला! डाक्टरानं पोट कापून नेलं याचं. मले त पाह्यवत नाही.”

मामींचे दुःख खरे आहे, आणि ते शहरातल्या माणसाला सहज कळायचे नाही. वऱ्हाडात माणसावरची माया ताटात मोजतात. रोडगे, घट्ट वरण, वांग्याची झणझणीत भाजी, वर तुपाची धार. आणि “अजून एक घ्या” ला “नको” म्हटले तर यजमानाला वाटते, आपलेच काही चुकले. अशा घरात ज्याच्या जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकला आहे, त्याने जेवायला बसणे ही रोजची परीक्षाच.

ही शस्त्रक्रिया काय असते, हे भावानेच मला बाजाराच्या भाषेत समजावले. जठराची पिशवी उभी कापून तिची केळ्याएवढी नळी ठेवतात. पोट लहान होते हा त्यातला ढोबळ भाग. खरी गंमत पुढे आहे. काढलेल्या भागातच भुकेचा संदेश धाडणारे एक संप्रेरक मुख्यतः तयार होते; ते घटते. अन्न आतड्यात लवकर पोचते आणि तिथून इन्सुलिनला मदत करणारी दुसरी संप्रेरके जास्त सुटतात. म्हणून पुष्कळांची साखर वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत खाली येऊ लागते. याचे इन्सुलिन घरी येण्याआधीच सुटले. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, साखरेचं मला इतकं नाही वाटलं. पण दोन महिन्यांनी एका रात्री हे घोरलेच नाहीत, तर मी घाबरून नाकापाशी हात धरून पाहिला!”

गावात मात्र निराळेच बोलले जाई. ‘मोठा आजार लपवतो आहे’ असे काही म्हणत; काहींच्या मते हे श्रीमंतांचे चोचले. विदर्भाचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत अशीच शस्त्रक्रिया करून घेतली होती, तो दाखला दिला की चर्चा जरा थंडावे.

दुसऱ्या दिवशी तो मला जिनिंगमध्ये घेऊन गेला. दिवाळीच्या सुमारास तिथे पांढरे डोंगर उभे राहतात आणि हवेत तंतू तरंगतात, नाक धरून चालावे लागते. एका गाडीतला कापूस त्याने मुठीत घेतला, ताणून पाहिला आणि म्हणाला, “दादा, काट्यावर दोन्ही गाड्या सारख्याच भरतील. पण घेणारा वजन पाहून थांबत नाही. तो उतारा विचारतो.”

उतारा म्हणजे शंभर किलो कापसातून रुई किती निघते ते. साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई, बाकी बहुतेक सरकी. वजन तेच, पण माल वेगळा. “माझंही तसंच झालं,” तो म्हणाला. पहिल्या वर्षात बेचाळीस किलो उतरले, तेव्हा घरात पेढे वाटले (त्याने स्वतः पाव पेढा खाल्ला). मग नागपूरच्या डॉक्टरांनी क्ष-किरणांचा एक तक्ता काढला. त्यात चरबी, हाडे आणि बाकीचे मांस वेगवेगळे मोजतात. बेचाळीसांपैकी तीस-एकतीस किलो चरबी होती. उरलेले अकरा-बारा पाणी आणि मांस. चरबी गेली म्हणून साखर आणि रक्तदाब उतरला, यकृतावरची चरबी घटली, गुडघे बोलायचे थांबले. पण मांस गेले म्हणून तुरीचे पोते सरकवताना हात थरथरू लागले. केसही मूठमूठ गळले. ते पुढे परत आले.

शस्त्रक्रियेनंतर जे उतरते त्याचा पाचवा ते तिसरा हिस्सा चरबीखेरीजचा असतो, ही जगभरची गोष्ट आहे. आपल्या लोकांना ती अधिक जाचते, कारण आपली मुळातली पुंजीच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु चरबी साहेबांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे इंग्लंडच्या बाळांहून बरीच हलकी असतात, पण त्यांची तूट मांसात जास्त आणि चरबीत कमी असते, हेही त्याच मंडळींनी दाखवले. म्हणून गोऱ्या देशांत लठ्ठपणाची रेघ निर्देशांकाच्या तीसवर ओढतात, ती आपल्याकडे पंचवीसवर ओढतात. वर अंगापिंडाने बारीक दिसणाऱ्या आपल्यासारख्यांनी निश्चिंत राहावे, तर तीही सोय उरली नाही.

वऱ्हाडाला हे नवे वाटायला नको होते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी आपले देशी खेळ परदेशी लोकांना करून दाखवले. शंभर किलोंचा पहिलवान आणि शंभर किलोंचा गादीवरचा शेठ यांतला फरक आखाड्यातल्या पोरालाही कळत असे. काटा घरोघर आला आणि आपण तो विसरलो.

मांस राखायला दोन गोष्टी लागतात : प्रथिने आणि मेहनत. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिने, असे डॉक्टरांचे सांगणे. वाटीभर घट्ट वरणात मिळतात पाच-सहा. नळीएवढ्या पोटात ते साठ बसवायचे कसे? इथे मात्र दर्यापूर कामाला आले. हरभरा, मूग आणि तूर यांच्या मुलखात राहून डाळीसाठी अडायचे काय कारण! वहिनींनी ताटाचा क्रम उलटा केला. आधी मुगाचे धिरडे किंवा उसळ, अंडे, दही, मग भाजी, भाकरी शेवटी आणि तीही चतकोर. पाणी जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळी घोटघोट. मूत्रपिंडाच्या तक्रारी या पट्ट्यात जागोजाग ऐकू येतात, त्यामुळे प्रथिने वाढवण्याआधी त्याने रक्त तपासून घेतले, ते शहाणपणाचे केले. बी-बारा, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या मात्र जन्माच्या. मला वाटते, शस्त्रक्रियेच्या जाहिरातीत हे वाक्य सर्वांत मोठ्या अक्षरांत छापावे.

कारण हा कायमचा दाखला नव्हे. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा रुग्णांची नोंद ठेवली गेली. दोन वर्षांनी शंभरातल्या बहात्तर मधुमेहींचा मधुमेह हटलेला होता. दहा वर्षांनी छत्तीस जणांचाच. तरी शस्त्रक्रिया न केलेल्यांत दहा वर्षांनी हे प्रमाण तेराच होते, आणि शस्त्रक्रिया केलेल्यांतले मृत्यूही कमी भरले. हल्ली भूक मारणारी इंजेक्शने निघाली आहेत. त्यांनाही मांसाचा हा प्रश्न सुटलेला नाही.

मी होतो त्याच आठवड्यात घरात एक लहानसे वादळ झाले. त्याचे वजन सहा महिन्यांत तीन किलो वाढले होते. मामी खूश : “आता कसा भरला!” वहिनींचा चेहरा उतरलेला. नव्या तक्त्याचा कागद नागपूरहून आला तो दोघींनी मलाच वाचायला दिला. तीन किलोंत दीड चरबी होती आणि दीड मांस. वहिनी म्हणाल्या, म्हणजे चूक माझीच, सणाला हात सैल सुटला. भाऊ म्हणाला, दीड किलो रुई तर आली ना.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही लासूरला गेलो. काळ्या दगडातले आनंदेश्वराचे यादवकालीन मंदिर तिथे आहे; खांबांवरचे कोरीवकाम उन्हात पाहण्यासारखे. मामी बरोबर होत्या. पायऱ्यांशी त्या नेहमीप्रमाणे थांबल्या आणि लेकाकडे पाहिले. त्याने त्यांचा हात धरला, दुसऱ्या हातात पाण्याची कळशी घेतली आणि चढू लागला. वर पोचल्यावर मामींना धाप लागली होती. त्या खांबाला टेकून बसल्या आणि डब्यातला लाडू काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो मोडला, शेंगदाण्याएवढा तुकडा तोंडात टाकला आणि बाकीचा त्यांच्याच हातावर ठेवला. “खाय तू,” तो म्हणाला. मामींनी खाल्ला.