रेडिओचं लुगडं

तुमच्याही माळ्यावर जुना लाकडी रेडिओ असेल. उंदरांनी तोंडावरचं कापड कुरतडलं, म्हणून तो मोडीत घालू नका.

१९९८ साली माझे वडील गेले. जळगाव केंद्राचे बाजारभाव ऐकल्याशिवाय ते दादरची पोती गाडीत भरत नसत. अमळनेरजवळच्या आमच्या घरात त्यांचा रेडिओ मुका झाला. दिवाळीला मी धुळ्याहून जाड, देखणं कापड आणून स्वतः बसवलं. आई ऐकून म्हणाली, "हाऊ आवाज त्यासना रेडिओना नही."

चूक माझीच. कापडाने धूळ अडवावी, आवाज नव्हे. कापड तोंडाशी धरून फुंका. पलीकडे हाताला वारा लागला तरच घ्या. आईने जुन्या लुगड्याचा विरविरीत तुकडा काढून दिला.

आधी प्लग काढा. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये नंतरही वीज साठून राहते, म्हणून मागची बाजू मेकॅनिककडूनच उघडून घ्या. पुढच्या फळीवरचे जुने खिळे, सरस काढा. कापड चारी बाजूंनी दोन बोटं मोठं कापा. आधी बाजूंचे मध्य ठोका, कोपरे शेवटी. ढिलं राहिलं तर तबल्याच्या ठेक्याला फडफडतं. स्पीकरच्या कागदाला ते टेकू देऊ नका.

त्या संध्याकाळी मुगाचा भाव सुरू झाला. मी काही बोलायला गेलो, तर आईने हात वर करून मला गप्प केलं. अगदी वडील करायचे तसंच.